वखर जमीन धरत नाही, ढेकळं फुटत नाहीत: वर दगड ठेवण्याआधी काय बघायचं

दरवर्षीची तक्रार एकच असते. वखर, म्हणजे ढेकळं फोडून रान मोकळं करायचं आऊत, वरवर सरकतो, त्याची पास (खालचं आडवं लोखंडी पातं) मातीत बसत नाही आणि मागे ढेकळं जशीच्या तशी राहतात. उपायही ठरलेला आहे: वर दगड ठेवायचा, आणि दगडाने भागलं नाही तर पोराला बसवायचं. मग वखर बुडतो खरा, पण जोडी दोन तासांत दमते. छोटा ट्रॅक्टर असेल तर डिझेल जास्त जळतं आणि मृगाच्या तोंडावर रान पुन्हा ढेकळांचंच.

वजन कमी पडल्यामुळे वखर तरंगतो असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा वाफसा (मशागतीला बेताची ओल), ओढीचा कोन किंवा पासेची धार यांतलं काहीतरी चुकलेलं असतं. तपासायचं याच क्रमाने. वाफसाच नसेल तर कोन आणि धार यांवर घातलेली मेहनत मातीमोल होते.

खालची मापं एक ते पाच एकराच्या रानासाठी आहेत, बैलाचा वखर आणि 18 ते 25 अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर धरून.

आधी माती हातात घ्या

गोदाकाठची आणि पूर्णा-दुधनेच्या खोऱ्यातली भारी काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. म्हणून हे रान एक तर चिखल असतं नाहीतर वीट, मधला वाफसा फार थोडा टिकतो. बालाघाटाच्या रांगेतल्या हलक्या, मुरमाड रानात पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशीही आऊत चालतं. तेवढ्याच पावसाला परभणीकडच्या भारी रानात चार-पाच दिवस थांबावं लागतं, आणि त्यानंतर ऊन कडक पडलं तर दोन-तीन दिवसांत तो वाफसाही हातचा जातो. शेजाऱ्याचं आऊत निघालं म्हणून आपलं काढायचं, ही चूक इथेच होते. त्याचं रान बरड असेल आणि तुमचं काळं असेल तर दोघांचा दिवस एक नसतो.

वरची सुकलेली माती बाजूला सारा. पास जिथवर जाणार आहे तिथली, म्हणजे तीन-चार इंच खालची मूठभर माती घेऊन घट्ट आवळा आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून टणक जागी सोडा. फुटून रवाळ भुगा झाला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त आहे. मुठीत गोळाच होत नसेल, खडे बोटांना टोचत असतील, तर वेळ गेली. आणखी एक पक्की खूण: तळहातावर माती वळून सुतळीएवढी वात करून बघा. न तुटता वात वळली तर त्या दिवशी बैल दावणीलाच बरे.

एका जागची माती बघून ठरवू नका. उंचवटा, खोलगट भाग, धुऱ्याची कड, झाडाखालची सावली, अशा चार जागा बघा. खोलगट भाग ओला असेल तर तेवढा सोडून द्या आणि दोन दिवसांनी तेवढाच करा. त्या चार गुंठ्यांसाठी सगळं रान अडवून ठेवलं तर बाकीच्याचा वाफसा निघून जातो.

ओल्या काळ्या रानात पास माती कापत नाही, लिंपते. खाली गिलाव्यासारखा गुळगुळीत थर बसतो आणि वर उचललेले पापुद्रे उन्हात खापरीसारखे वाळतात. मे महिन्यात जी ढेकळं फोडायला बैल झिजतात, त्यांतली कितीतरी जानेवारीत तयार झालेली असतात, तुरी काढल्यावर किंवा ऊस मोडल्यावर रान ओलसर असतानाच पलटी नांगर घातला तेव्हा.

वाळलेल्या ढेकळांशी भांडू नका

रान आधीच विटांचं झालं असेल तर कोरड्यात वखराच्या चार पाळ्या (फेऱ्या) घालूनही फारसं साधत नाही. मोठी ढेकळं फिरून वर येतात, कडा झिजून धूळ होते आणि पहिल्या जोरदार पावसात ती धूळ चोपून बसते. काळ्या मातीचा गुण कामी आणा: ओल लागली की ढेकूळ फुगतं, सुकताना आतून तडकतं. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या एका सरीने जे काम होतं ते दगड ठेवलेल्या वखराने होत नाही.

सर पडून गेल्यावर ढेकूळ उचलून दोन्ही हातांनी मोडा. अंगठ्याच्या दाबाने फुटलं आणि आतला गाभा गडद रंगाचा, ओलसर असला तर लगेच वखर घाला. गाभा अजून फिकट आणि कोरडा असेल तर ओल वरवरचीच आहे, पुढच्या सरीची वाट बघा. वखरलेलं रान त्याच दिवशी, ऊन चढायच्या आत फळीखाली (रान सपाट करायच्या आऊताखाली) घ्या. सकाळी वखर आणि दुपारपर्यंत फळी, हा मेळ जमला की दोन पाळ्यांत रान तयार होतं. संध्याकाळपर्यंत उघडं राहिलेलं ढेकूळ पुन्हा आवळतं. मात्र मोठ्या पावसाची लक्षणं असतील तर फळी मारू नका. सपाट, बारीक केलेल्या रानावर मोठा पाऊस पडला की पापडी धरते. रान खडबडीत असलं तर पाणी मुरतं.

विहिरीला पाणी असेल तर तुषार संच लावून ओल देता येते. 10 मिलिमीटर पाणी म्हणजे एकराला सुमारे 40,000 लिटर. रानात चार ठिकाणी सरळ भिंतीचे डबे ठेवा, त्यांत 10 ते 15 मिलिमीटर पाणी साचलं की संच बंद करा. पाटाने भिजवाल तर चिखल होतो आणि आठवडा जातो.

ढेकूळ किती बारीक करायचं? सोयाबीनला वरचा थर सुपारीएवढ्या खड्यांचा पुरेसा आहे. रब्बी ज्वारीला आणि हरभऱ्याला आवळ्याएवढी ढेकळं राहिली तरी चालतात. पीठ कुणालाच नको.

ओढीचा कोन

जास्तीत जास्त वखर इथे बिघडतात, आणि दुरुस्तीला पैसा लागत नाही.

बैलाच्या वखरात दांडी जुवाला जिथे बांधतो त्या येठणाच्या जागेवर खोली ठरते. येठण दांडीच्या टोकाकडे सरकवलं की वखर बैलांपासून लांब जातो, दांडी आडवी होते, पासेचं नाक खाली वळतं आणि वखर खोल लागतो. येठण मागे घेतलं की दांडी चढती होते, नाक वर उचलतं आणि वखर उथळ चालतो. एका वेळी चार बोटं सरकवा, वीस-पंचवीस पावलं चालवून मागे तासात (वखराने पाडलेल्या रेघेत) हात घालून खोली बघा, मग पुन्हा सरकवा. पाडव्याला सालगडी बदलला की आऊत नव्या हातात जातं आणि जुन्या गड्याने बसवलेली येठणाची जागा हरवते, म्हणून दांडीवर कायमच्या खाचा पाडा. बैलजोडी बदलली तरी हेच होतं. उंच जोडीला दांडी जास्त चढते, त्यामुळे येठण पुढे न्यावं लागतं.

दांडी खोडात (वखराच्या आडव्या लाकडात) बसते तिथली पाचर हलवून बघा. ती सैल असेल तर वखर एका रेघेला खोल आणि पुढच्या रेघेला उथळ चालतो, आणि दोष बैलांना दिला जातो. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पाचर दर आठवड्याला ठोकावी लागते. कोन जुळल्याची खूण रुमण्यावर (मागे धरायच्या मुठीवर) कळते. हात नुसता टेकलेला असतो. माणूस रुमण्यावर अंगाचा भार टाकत चालला असेल तर कोन चुकलेला आहे, मग वर दगड ठेवला काय नि न ठेवला काय.

ट्रॅक्टरच्या वखरात हेच काम वरची मधली दांडी, म्हणजे टॉप लिंक करते. ती आखूड केली की वखर पुढे कलतो आणि पास मातीत शिरते. लांब केली की पास सपाट होऊन तरंगते. एकेक आटा फिरवून बघा. पाच-सहा आटे एकदम आखूड केले तर पास खाली पळते आणि छोट्या ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. वखर डावी-उजवीकडे झोके खात असेल तर खालच्या दोन दांड्यांच्या बाजूच्या साखळ्या सैल आहेत, त्या दोन्हीकडे सारख्या ताणा.

साखळीने ओढायच्या फळीचा हिशेब वेगळा, पण सोपा. समजा ट्रॅक्टरचा आकडा जमिनीपासून 40 सेंटिमीटरवर आहे आणि फळीचा आकडा 10 वर. फरक 30 सेंटिमीटरचा. साखळी 1 मीटर असेल तर 100 किलोच्या ओढीतली 30 किलो ताकद फळीचं तोंड वर उचलण्यात जाते. साखळी 2 मीटर केली की तीच ताकद 15 किलोवर येते. म्हणजे मीटरभर साखळी वाढवली की 15 किलोचा दगड ठेवल्यासारखं आहे, आणि ते वजन कुणाला उचलावंही लागत नाही. साखळ्या दोन असतील तर मोजून सारख्या ठेवा. एक कडी जरी कमी-जास्त झाली तरी फळी तिरकी चालते आणि एका कडेला मातीचा वरंबा सोडत जाते.

पास

वखर उलटा करा आणि पासेच्या पोटाला, म्हणजे खालच्या बाजूला, लोखंडी पट्टी धारेपासून मागच्या कडेपर्यंत आडवी लावा. पट्टी सपाट टेकली तर ठीक. धारेजवळ पोट घासून गोल झालं असेल, पट्टीखालून उजेड दिसत असेल, तर ती पास कितीही वजन ठेवलं तरी होडीसारखी वर येणार. वरून बघताना ती धारदार दिसते, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

अशी पास भात्यावर तापवून, ठोकून पोट सरळ करून घ्यावी लागते. धार नेहमी वरच्या बाजूने काढा, पोटाला कानस किंवा ग्राइंडर लावू नका. कडा दीड-दोन मिलिमीटर जाड राहू द्या. वस्तऱ्यासारखी पातळ धार मुरूम लागला की मुडपते. ग्राइंडरने घासताना पोलाद निळं पडू लागलं तर त्याचं पाणी (कडकपणा) उतरलं, ती धार दोन दिवसही टिकणार नाही. थांबत थांबत, पाण्यात बुडवत घासा. ट्रकच्या कमानपाट्यापासून केलेली पास चांगली टिकते, पण लालबुंद असताना पाण्यात बुडवली तर तडकते. लोहाराला ती तेलात थंड करायला आणि नंतर पुन्हा थोडी शेकून घ्यायला सांगा.

मग वखर ओट्यावर किंवा सिमेंटच्या खळ्यावर, कामावर असताना दांडी जितकी चढती असते तितकी उचलून टेकवा. धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेकली पाहिजे आणि मागची कड बोटभर वर राहिली पाहिजे. एकच टोक टेकत असेल तर पास धरणारी दोन जानवळी सारखी नाहीत. असा वखर एका बाजूने गाडतो आणि एकाच बैलाच्या मानेवर ओढ येते. त्या बैलाच्या खांद्याला सूज दिसली तर औषध लावण्याबरोबर जानवळीही मोजा.

धसकटं अडकतात, वखर दर दहा पावलांना उचलावा लागतो

सोयाबीनची धसकटं आणि भुसकट, पऱ्हाटीची (कापसाची) बुडखं, तुरीचे खुंट: सगळ्यांचा उपाय एक नाही. पऱ्हाटी आणि तुरीचे खुंट वखराने निघत नाहीत. ते चिमट्याने उपटून घ्या किंवा रोटरी कुट्टी यंत्राने बारीक करा, मगच वखर घाला. सोयाबीनचं भुसकट मळणीच्या जागेवर ढिगाने पडलेलं असतं, ते आधी काट्याने पांगवा, कारण ढीग आला की पास त्यावर चढते. ते पेटवू नका. त्या भुसकटामुळेच रान भुसभुशीत राहतं आणि पुढच्या वर्षी ढेकळं कमी धरतात.

तरीही अडकत असेल तर पास आणि खोड यांच्यातली मोकळी जागा मोजा. ती वीतभर तरी हवी. झिजलेली जानवळी ठोकून आखूड झालेली असतात, मग कचऱ्याला वाट उरत नाही. आणि सकाळी दव असताना धसकटं वाकतात, तुटत नाहीत. धसकटाच्या रानात वखर नऊनंतर, दव उतरल्यावर घाला. ओळींच्या दिशेने पहिली पाळी, आडवी दुसरी.

हराळी आणि लव्हाळा यांचं वेगळं सांगायला हवं. पास हराळीच्या मुळ्या कापते आणि तुकडे रानभर नेते. ओलीत हे केलं तर ते हराळीची लागवड केल्यासारखंच झालं. एप्रिल-मेच्या कडक उन्हातच खोल पाळी द्या, दात्यांच्या फळीने (ती कशी करायची ते पुढे आहे) मुळ्या ओढून धुऱ्याला आणा, गोळा करा आणि पूर्ण वाळल्याशिवाय उकिरड्यात टाकू नका. लव्हाळ्याच्या गाठी पासेच्या खाली, वीतभर खोल असतात. त्या वखराने जात नाहीत.

दात्यांची फळी घरी करायची असेल तर

एक-दोन एकराला ही फार उपयोगी. 50 बाय 50 बाय 6 मिलिमीटरचा लोखंडी अँगल घ्या: 1.2 मीटरचे तीन आडवे, 1 मीटरचे दोन उभे. आडव्या अँगलांमध्ये दीड-दीड फूट अंतर ठेवा. वेल्डिंगवाला लोखंड वाचवायला ते वीतभर अंतरावर आणतो आणि मग कचरा तिथेच गच्च बसतो. दात्यांना 16 मिलिमीटरचा चौकोनी गज, 20 सेंटिमीटरचे 24 तुकडे. प्रत्येक अँगलवर 15 सेंटिमीटरला एक असे आठ दाते. मधल्या अँगलवरचे दाते पहिल्यापेक्षा 5 सेंटिमीटर सरकवून आणि मागच्यावरचे आणखी 5 सरकवून बसवा, म्हणजे जमिनीवर दर 5 सेंटिमीटरला रेघ पडते आणि दोन दाते एकाच रेघेत चालत नाहीत. खाली 12 ते 13 सेंटिमीटर दाता निघू द्या, चौकोनाची कड पुढे करून. सपाट बाजू पुढे आली तर दाता माती ढकलतो, चिरत नाही.

हिचं वजन 35 किलोच्या आसपास होतं, म्हणजे दर दात्याला दीड किलो. पापडी फोडायला एवढं पुरे. ढेकळांसाठी अडीच किलो हवं, म्हणून वाळूचं 25 किलोचं पोतं चौकटीच्या मधोमध बांधा. वजन ठेवायची खरी जागा ही, आणि तेही कोन जुळल्यानंतर.

त्या पोत्याच्या जागी माणूस बसवू नका, पोरं तर कधीच नाही. फळी दगडाला अडून उसळते आणि बसलेला पुढे, दात्यांसमोर पडतो. ट्रॅक्टरला साखळी नेहमी खालच्या आकड्यालाच लावा. वर, टॉप लिंकच्या जागी लावली आणि फळी कशाला अडकली तर ट्रॅक्टरचं तोंड उचलून तो मागे उलटतो. वळताना फेर मोठा घ्या, नाहीतर साखळी मागच्या टायरवर चढते.

वेग ताशी 4-5 किलोमीटरच्या वर नेऊ नका. जोरात ओढली की फळी उड्या मारते आणि ढेकळं फुटायच्या ऐवजी बाजूला उडतात. या वेगाने 1.2 मीटरच्या फळीखाली एकराला तासाच्या थोडं वर लागतं.

शेवटची पाळी उताराला आडवीच द्या. उताराने दिलेल्या पाळीच्या रेघांतून मृगाचं पाणी धावत सुटतं आणि माती घेऊन धुऱ्याबाहेर जातं. आणि दर वर्षी सुरुवातीचा धुरा बदला. एकाच बाजूने सुरू करून एकाच बाजूला संपवलं तर फळी दरवेळी थोडी माती त्या टोकाला नेऊन टाकते. पाच-सहा वर्षांत मधे बशी तयार होते आणि तिथलं सोयाबीन पिवळं पडतं.

पेरल्यावर पापडी धरली

पेरणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस आला आणि वर ऊन पडलं की सोयाबीनचा कोंब पापडीखाली अडकून मोडतो. इथे पास चालणार नाही. हीच दात्यांची फळी पोत्याशिवाय, उलटी करून, म्हणजे दाते वर ठेवून, बाभळीच्या बारीक फांद्या खाली बांधून ओळींना आडवी फिरवा. पापडी अजून थोडी ओलसर असतानाच. पूर्ण वाळली तर ती खपल्यांनी उचलते आणि कोंब सोबत घेऊन येते. आधी पाच-सहा जागी बोटाने उकरून बघा: कोंबाची मान पृष्ठभागापासून बोटाच्या एका पेराहून खाली असेल तरच फिरवा. वर आली असेल तर फळी बाहेर ठेवा आणि तुषार संचाने 5 मिलिमीटर पाणी द्या, पापडी मऊ होऊन कोंब निघतो.

दर पावसाला, वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यात पापडी धरत असेल, सुकल्यावर तिथे पांढरी झाक येत असेल आणि पाणी साचून गढूळच राहत असेल, तर तो पट्टा चोपण (खारवट, पाणी न मुरणारा) होत चालला आहे. कालव्याखालच्या रानात हे जास्त दिसतं. तिथली माती वेगळी पिशवी करून परीक्षणाला द्या. सामू (पीएच) 8.5 च्या वर आला तर अहवालात येईल तेवढं जिप्सम आणि पाणी काढून द्यायला चर, एवढंच तिथे चालतं. वखराच्या कितीही पाळ्यांनी तो पट्टा सुधारत नाही.